सर्दी झाली: वाफ, मिठाचं पाणी, काढा की गोळी?

थंडीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकच्या घरांत सर्दीचीही साथ येते. मग आजी काढा म्हणते, आई वाफ म्हणते आणि कामावर जाणारा मेडिकलकडे वळतो.

सर्दी थंडीने किंवा द्राक्षं खाल्ल्याने होत नाही, ती विषाणूंमुळे होते. त्यातला ऱ्हायनोव्हायरस सगळ्यात जास्त आढळतो आणि त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणून ती पुन्हा पुन्हा होते. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकत्र बसतो, तिथे शिंकांचे तुषार पसरतात. हातांमुळेही ती पसरते: नाक पुसलेला हात कडीला, मोबाइलला लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या नाका-डोळ्यांपर्यंत जातो. घरात एकाला झाली की बाकीच्यांसाठी साबणाने हात धुणं हाच पहिला उपाय.

सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. खालच्या कुठल्याच उपायाने ती मुळापासून जात नाही, त्यामुळे आराम किती आणि धोका किती एवढंच तोलायचं.

नाक चोंदलं असेल तर वाफेपेक्षा मिठाचं पाणी मला जास्त पटतं. वाफेने बरं वाटतं, पण थोडाच वेळ, आणि पातेलं कलंडून भाजण्याची भीती खरी आहे. लहान मुलाला चादर पांघरून उकळत्या पाण्यासमोर कृपा करून बसवू नका. त्या पाण्यात कापूर तर नकोच, तो पोटात गेला तर लहान मुलांना विषारी ठरतो. मुलांसाठी मेडिकलमध्ये मिळणारे सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, नाकात घालायचे थेंब चांगले. बाळाला दूध पाजण्याआधी घातले तर त्याला पिणं सोपं जातं. मोठ्यांनी जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, करायची तर पाणी उकळून कोमट केलेलंच घ्यावं, थेट नळाचं नको. घसा खवखवत असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात.

रात्रीच्या खोकल्याला झोपताना चमचाभर मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचा नाही, मग घरातलं कुणीही कितीही आग्रह करो. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आलं, गवती चहा, तुळशीचा काढा किंवा हळदीचं दूध घशाला ऊब देतं, मोठ्यांनी आवडीने घ्यावं. सुंठ-मिरी जास्त झाली तर पोटात जळजळ होते.

गोळीचं जरा बघून. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल ठीक आहे, पण सर्दीच्या तयार गोळीत ते बहुतेक वेळा असतंच, दोन्ही एकदम घेऊ नका. त्या गोळ्यांनी झोप येते. सातपूर-अंबडला रात्रपाळीत मशीनवर उभं राहणाऱ्याने किंवा मुंबई नाक्यावरून दुचाकी चालवणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं औषध) असलेली गोळी बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि चार वर्षांखालच्या मुलांना अशी मिश्र औषधं नकोत. नाक मोकळं करणारा स्प्रे तीन-चार दिवसांपलीकडे मारला तर उलट नाक जास्त चोंदतं. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक आणायला धावू नका, विषाणूंवर ते चालत नाही.

धाप लागली, बाळ दूध पिईना, ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही किंवा बरं वाटून पुन्हा चढला, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.