‘शरदात फुलणारे स्नोड्रॉप’: माझे १२,४०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, घरात कुणाची उधारी कधी ठेवली नाही, आणि एका माणसाने फोनवर गोड बोलून मला स्नोड्रॉप नावाच्या विलायती फुलांच्या गड्ड्यांवरून लुबाडलं. नाव देत नाही. जुळे सोलापुरात राहते, एवढं पुरे.

आधी हिशेब. ९ जूनला १२ गड्डे, एकाला ४५० प्रमाणे ५,४०० रुपये, वर कुरियरचे ६५०. २४ जूनला ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय’ म्हणून ३,८५०. २७ जूनला ‘माल पोचला की परत मिळेल’ अशी अनामत २,५००. एकूण १२,४००. उथळ कुंड्या, कोकोपीट आणि पर्लाइटचे माझे १,७८० वेगळे.

पैसे पाठवताना तिन्ही वेळा फोनच्या स्क्रीनवर वेगळं नाव आलं होतं. पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते वाचा. बोलणारा एक आणि खातं दुसऱ्याचं असेल तर तिथेच थांबा.

आता ‘एवढी शिकलेली बाई फसली कशी’ म्हणणाऱ्यांसाठी. २०२० च्या फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले होते. तिच्या घराजवळच्या चर्चच्या आवारात, पानं झडलेल्या झाडांखाली, ही फुलं पहिल्यांदा पाहिली. खाली मान घातलेली, टिकलीएवढी पांढरी फुलं, आतल्या पाकळ्यांवर हिरवा ठिपका. रोज बाळाला घेऊन तिथे जायचे. लेक तेव्हाच म्हणाली होती, ‘आई, ही सोलापुरात यायची नाहीत, यांना थंडी लागते.’ ते मला पटलंही होतं.

म्हणूनच त्या माणसाने साधे स्नोड्रॉप विकलेच नाहीत. बागकामाच्या ग्रुपवर त्याने टाकलं, ‘शरद ऋतूत फुलणारी ग्रीसची जात, बर्फ नको, ऊन सोसते.’ मी प्रश्न विचारले, आणि त्याच्याकडे उत्तरं होती. ग्रीसच्या ओल्गा राणीचं नाव दिलेली जात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते, फूल आधी आणि पान नंतर, उन्हाळाभर गड्डा कोरड्या जमिनीत झोपून राहतो. मी स्वतः शोधून पाहिलं. सगळं खरं निघालं! गॅलॅन्थस रेजिनी-ओल्गी नावाची जात खरोखरच आहे, ग्रीस आणि सिसिलीकडे डोंगरात वाढते. मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. पडताळणी केली, फक्त अर्धीच केली.

उरलेली अर्धी अशी. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट, कोरडा जातो. आपल्याकडे बरोब्बर उलटं. गड्डा झोपलेला असतो तेव्हाच आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस, म्हणजे काळ्या मातीत तो कुजणार. कुंडीत झाकून ठेवला तरी मुळं धरायला त्याला शरदापासून गारवा आणि ओल हवी, आणि आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत रात्री शाल लागते, तेवढीच आमची थंडी. एवढा विचार ९ जूनला केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

पण मला सगळ्यात जास्त जाळते ती २ जुलैची दुपार. पार्सल आलं. चपलेच्या खोक्याएवढा खोका, वर खाकी चिकटपट्टी. आठ दिवसांपूर्वी मी या खोक्यासाठी कस्टमचे ३,८५० भरले होते. आणि चिठ्ठीवर पाठवणाऱ्याच्या जागी आपल्याच देशातल्या एका शहराचा पिनकोड होता! परदेशी तिकीट नाही, कस्टमचा शिक्का नाही, वनस्पती-आरोग्याचा दाखला नाही. मी तो पिनकोड वाचला. नुसता पाहिला नाही, मोठ्याने वाचला, कारण कुरियरच्या मुलाने ओटीपी विचारला तेव्हा मी चुकून तोच सांगायला लागले होते. मनात शंका आली, आणि मीच तिची समजूत घातली, की मुंबईत माल उतरवून पुढे पाठवला असेल. १२,४०० देऊन झाले होते ना. मग मन पुरावा शोधत नाही, आधार शोधतं. कात्रीने खोका फाडला, गड्डे काढले आणि खोका रद्दीत टाकला. महिनाअखेरीस रद्दीवाला घेऊन गेला. पार्सलचा खोका फेकू नका. चिठ्ठीसकट ठेवा, उघडताना फोनवर चित्रण करा.

गड्डे बघून ओळखता आलं नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. लहान कांद्यासारखे, तपकिरी सालीचे. मला मिळाली ती रेन लिली, म्हणजे पावसानंतर फुलणारी लिली होती, हे पुढे कळलं; ती आणि स्नोड्रॉप एकाच कुळातल्या आहेत. पण पुढचं ओळखायला हवं होतं. आठवडाभरात गर्द हिरवी, कांद्याच्या पातीसारखी गोल पानं वर आली. फूल आधी, पान नंतर, हे त्यानेच मला शिकवलेलं! ओल्गा राणीच्या जातीचं पान तर चपटं असतं, मधोमध रुपेरी पट्टा असतो. मी त्याला फोटो पाठवला. ‘मॅडम, भारतीय हवामानात क्रम बदलतो,’ म्हणाला. उजनी धरणाचं पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं. पिंपातलं पाणी मोजून मी मोगऱ्याला कमी आणि या कुंड्यांना जास्त घातलं. मोगरा सुकला या वर्षी.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस जोराचा पाऊस झाला आणि तिसऱ्या सकाळी गच्चीवर नऊ पांढरी फुलं. मी रडले. लेकीला फोटो पाठवला, ग्रुपवर टाकला. वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एका काकांनी दहा मिनिटांत लिहिलं, ‘ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण ही रेन लिली आहे. स्नोड्रॉप मान खाली घालतो, हिने वर केलीय. तीन पाकळ्या लांब, तीन आखूड आणि हिरवा ठिपका कुठेय?’ सहाही सारख्या होत्या. आमच्या विजापूर रोडवरच्या नर्सरीत हाच गड्डा दहा रुपयांना मिळतो. म्हणजे १२० रुपयांचा माल. मी त्या माणसाला जाब विचारला, तर त्याने मला ब्लॉक केलं. तो ग्रुपचा अ‍ॅडमिन होता, त्याने काकांनाही काढून टाकलं.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलिसांकडे गेले. समोरचा म्हणाला, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ कस्टमच्या नावाने घेतलेले ३,८५० कुठल्या मालाचे, असं विचारलं तर ‘खोका आणा.’ दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला एकाने माझ्यासमोर दुसऱ्याला सांगितलं, ‘बाईंनी फुलांसाठी बारा हजार दिलेत,’ आणि दोघं हसले. माझ्या निवृत्तिवेतनातले बारा हजार होते ते! रांगेत उभ्या असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मान फिरवली, ते मी विसरणार नाही. बँकेत गेले, तर ‘पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?’ निदान ती तीन खाती कुणाची, एवढं तरी सांगा म्हटलं, तर ‘गोपनीय.’ कुरियरवाल्यांनी पाठवणाऱ्याचं नाव द्यायला नकार दिला, पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. पोलीस म्हणाले, आधी कुरियरची माहिती आणा. कृषी खात्याच्या कचेरीत म्हणाले, शोभेच्या फुलांचा विषय आमच्याकडे येत नाही. चार टेबलं, सात खेपा, रिक्षाचे ८४० रुपये, आणि हातात एक पोचपावती. चोराची गोपनीयता सगळे जपतात. माझी तक्रार मात्र चार माणसांसमोर मोठ्याने वाचली जाते.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी सप्टेंबरात फोन केला, तोवर जूनचे पैसे कुठल्या कुठे गेले होते. पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात फोन करा, म्हणजे पुढच्या खात्यात ते गोठवता येतात. जिल्हा ग्राहक आयोगात, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी कागद तयार केलेत. आणि लक्षात घ्या, परदेशातून गड्डे आणायला आयात परवाना आणि तिकडचा आरोग्य-दाखला लागतो. स्नोड्रॉपची अख्खी प्रजात (तिच्यातल्या सगळ्या जाती) साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्या करारातली कागदपत्रंही लागतात. कस्टमचे पैसे कुणा माणसाच्या खासगी खात्यावर कधीच जात नाहीत.

लेकीला अजून खरं सांगितलेलं नाही. तिने माझा फोटो तिकडे सगळ्यांना दाखवलाय. डिसेंबरात येतेय, तेव्हा सांगेन.

परवा भाचीने तिच्या फोनवर तीच जाहिरात दाखवली. दिवाळी ऑफर, १२ गड्डे ४,९९९. नंबर नवा, फोटो जूनच्या जाहिरातीतलाच आहे. दगडी भिंत, तीन फुलं, डाव्या कोपऱ्यात निळा मग. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून सायबर पोर्टलवरच्या माझ्या तक्रारीला जोडला. तिथे आजही एकच शब्द दिसतो, ‘प्रक्रियेत’.