घरांच्या व्यवसायासाठी सोशल नेटवर्किंग : दहा वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

जुनी घरे विकून देणे आणि भाड्याची घरे मिळवून देणे हा आमच्या छोट्या कार्यालयाचा व्यवसाय आहे. गेली दहा वर्षे आम्ही त्याच्या प्रसिद्धीसाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब नियमितपणे वापरत आहोत. लिंक्डइनही काही काळ वापरून पाहिले. या सगळ्या माध्यमांकडे एक सेवा म्हणून पाहावे, तिच्यासाठी गेलेला वेळ आणि पैसा हिशेबात धरावा आणि मग ती घेण्याजोगी आहे का ते सांगावे, एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे. माझे मत आधीच नोंदवतो. घर विकण्याचे साधन म्हणून ही सेवा बेताचीच आहे. ओळख टिकवून ठेवण्याचे साधन म्हणून मात्र आमच्या धंद्याला याहून उपयोगी काही मला आजवर सापडलेले नाही. या व्यवसायात नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्या कामासाठी ती घेतात, महिना-दोन महिने जाहिरातींवर पैसे घालतात आणि निराश होऊन सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रोजच्या वापराच्या वस्तू विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक आठवड्याभरात परत येते. घराचे तसे नसते. माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा-तीनदा घर घेतो, आणि दोन व्यवहारांच्या मधे इतकी वर्षे जातात की पहिल्या वेळी ज्याने मदत केली त्याचे नावही त्याला आठवत नाही. काम उत्तम झाले, ताबा वेळेवर मिळाला, कागदपत्रांत कुठे अडचण आली नाही, तरी पुढच्या वेळी तो माणूस नव्या एजंटाकडे जातो, कारण जुन्या एजंटाशी त्याचा मधल्या काळात काहीच संबंध राहिलेला नसतो. आमच्या धंद्यातले खरे नुकसान हेच आहे, आणि ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवून दिले होते की माणसाला नव्या नोकरीची बातमी बऱ्याचदा जिवलग मित्रांकडून न मिळता जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते. जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच, पण लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातली खबर आणतो. घरांच्या बाबतीत मी हेच पाहत आलो आहे. कोणाची बदली झाली, कोणाचे आईवडील आता मुलाजवळ राहायला येणार, कोणाच्या घरात दुसरे मूल आले, या बातम्या घर विकायला किंवा घ्यायला निघण्याच्या कितीतरी आधीच्या असतात, आणि त्या अशाच जुजबी ओळखींतून फिरतात. पूर्वी अशा ओळखी शे-दोनशेच्या पुढे सांभाळणे एका माणसाच्या आवाक्यात नव्हते. आता ते शक्य झाले आहे. सात वर्षांपूर्वी आमच्याकडून भाड्याने घर घेतलेल्या एका गृहस्थांनी आमच्या पानावरच्या एकाही मजकुराला कधी प्रतिसाद दिला नव्हता. स्वतःचे घर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी थेट फोन केला आणि आमचे तीन वर्षांपूर्वीचे एक लिखाण आठवणीने सांगितले. प्रतिसादांचे आकडे पाहून माध्यमाची किंमत ठरवू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

फेसबुकच्या व्यावसायिक पानाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून व्यवसायाच्या पानावरचे लिखाण पैसे न देता लोकांपर्यंत पोहोचणे फार कमी झाले. नुसत्या ‘फ्लॅट विकणे आहे’ अशा पाट्या लावणारे पान आज जवळजवळ कोणीच पाहत नाही. आम्ही त्यावर विक्रीच्या घरांपेक्षा घरांविषयीची माहिती जास्त लिहू लागलो : चटई क्षेत्र आणि बांधीव क्षेत्र यांत काय फरक असतो, जुन्या इमारतीत घर पाहताना छताच्या कोपऱ्यातले ओलीचे डाग कसे ओळखावेत, पश्चिमेच्या खिडकीमुळे दुपारनंतर खोली किती तापते, टोकन देण्यापूर्वी कोणते कागद हातात असावेत. असे लिखाण लोक जपून ठेवतात आणि गरज असलेल्या नातेवाइकाला पाठवतात. घर विकत घेताना माणूस घाबरलेला असतो, आणि त्याची भीती थोडी कमी करणाऱ्याला तो विसरत नाही.

छायाचित्रे आणि चित्रफिती हा या सेवेतला सर्वांत प्रभावी आणि सर्वांत जास्त गैरवापर होणारा भाग आहे. २०१० मध्ये सुरू झालेले इन्स्टाग्राम मुळात छायाचित्रांसाठीच होते, आणि २०२० मध्ये आलेल्या रील्समुळे एखाद्या घराची झलक अर्ध्या मिनिटात हजारो लोकांना दिसू शकते. पण रुंद कोनाच्या भिंगाने काढलेल्या छायाचित्रात लहान खोलीही ऐसपैस दिसते, आणि प्रत्यक्ष साइट व्हिजिटला आलेल्या कुटुंबाचा चेहरा दारातच उतरतो. सुरुवातीच्या काळात आम्हीही तशीच छायाचित्रे टाकली आणि आठवड्याचे आठवडे निष्फळ भेटींत घालवले. पुढे आम्ही प्रत्येक घराबरोबर मोजमापासह नकाशा द्यायला सुरुवात केली, लिफ्ट नसणे, गाडीसाठी जागा अपुरी असणे, स्वयंपाकघरात उजेड कमी येणे अशा उणिवा मजकुरातच लिहिल्या, आणि मुख्य दारापासून गच्चीपर्यंत न थांबता, न कापता चित्रीत केलेली फीत जोडली. चौकश्यांची संख्या लगेच घटली. आलेल्या भेटींतून बोलणीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण मात्र स्पष्टपणे वाढले, आणि आमचे दिवस वाचले. अशा फितीसाठी मी रीलपेक्षा यूट्यूबला पसंती देईन, कारण रील बहुधा काही दिवसांत नजरेआड होते, तर यूट्यूबवरची फीत नाव घालून शोधणाऱ्याला दोन वर्षांनीही सापडते. दूरच्या शहरातून घर शोधणाऱ्याला तर तिचा मोठाच आधार असतो.

व्यवहार पुढे सरकतो तो व्हॉट्सॲपवर. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या व्यावसायिक आवृत्तीत गिऱ्हाइकांना खुणेची लेबले लावता येतात, नेहमीची उत्तरे तयार ठेवता येतात आणि उपलब्ध घरांची सूची दाखवता येते. छोट्या कार्यालयाला एवढे पुरते. एकच निरोप अनेकांना एकदम, पण प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवण्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. अनेक सहव्यावसायिक या बंधनाबद्दल तक्रार करतात. मला ते योग्य वाटते. ज्याने आपला क्रमांक जपून ठेवण्याइतकाही विश्वास टाकलेला नाही, त्याच्या फोनवर रोज घरांच्या याद्या पाठवणे म्हणजे त्याला आपल्यापासून दूर लोटणेच आहे. एजंटांच्या मोठमोठ्या गटांबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, कारण तिथे एकच घर चार जणांच्या नावाने चार वेगवेगळ्या किमतींना फिरते आणि त्यात घरमालकाचे नुकसान होते : खरेदीदार सर्वांत कमी आकडा धरून बसतो, किंवा या घरात काहीतरी गडबड असावी असा समज करून घेतो. पुढे पाठवलेला निरोप घर विकले गेल्यावरही महिनोन्‌महिने फिरत राहतो, म्हणून प्रत्येक निरोपात तारीख लिहिण्याचा नियम आम्ही पाळतो.

आता पैसे देऊन केलेल्या जाहिरातींकडे वळतो, कारण बहुतेकांचा खर्च तिथेच होतो आणि बहुतेकांची निराशाही तिथेच जन्मते. फेसबुकने २०१५ मध्ये लीड जाहिराती आणल्या. जाहिरातीवर बोट ठेवले की नाव, फोन क्रमांक आणि ईमेल आधीच भरलेला अर्ज उघडतो आणि आणखी एका स्पर्शात तो आपल्याकडे पोहोचतो. ही सोयच तिचा दोष आहे. आम्ही फोन केल्यावर कित्येक जणांना आपण अर्ज भरल्याचे आठवतही नव्हते, काहींचे क्रमांक जुने होते, आणि काहींना केवळ छायाचित्र आवडले होते. त्या काळात ज्या जाहिरात संस्थेकडे आम्ही हे काम सोपवले होते ती नावांच्या संख्येवर मोबदला घेत असे, त्यामुळे अर्ज जितका सोपा तितका तिचा लाभ, आणि नावांची छाननी करण्याचे सारे कष्ट आमच्या माथी. तो करार आम्ही संपवला आणि अर्जात स्वतः टंकून उत्तर द्यावे लागेल असे दोन प्रश्न घातले : घर केव्हापर्यंत हवे आहे, आणि सध्याच्या घरात कोणती अडचण आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिणारा माणूस जवळजवळ नेहमीच खरा गरजू निघतो, आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करावी हेही आपल्याला कळते.

आलेल्या चौकशीला उत्तर केव्हा दिले जाते यावर पुढचे पुष्कळसे ठरते. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना खऱ्या गिऱ्हाइकाशी नीट बोलणे होण्याची शक्यता एक तास उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. तो अभ्यास केवळ घरांचा नव्हता, तरी माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. संध्याकाळी फोन उचलायला माणूस नसेल तर संध्याकाळी जाहिरात चालवू नये.

जाहिरात कोणाला दाखवायची हे निवडण्याच्या सोयीबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण तो निव्वळ तंत्राचा विषय नाही. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, राष्ट्रीय मूळ अशा कारणांवरून घर नाकारण्यास बंदी घातलेली आहे. तरीही घरांच्या जाहिराती ठरावीक समूहांपासून लपवता येतात, असा आक्षेप घेऊन तिथल्या नागरी हक्क संघटनांनी फेसबुकविरुद्ध दावे केले, आणि २०१९ च्या तडजोडीनंतर घरांच्या जाहिरातींसाठी वेगळा विशेष वर्ग करण्यात आला. त्या वर्गात वय, लिंग किंवा पिन कोडसारख्या टपाल क्रमांकावरून लोक वगळता येत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत, निवड जाहिरातदाराने केली नसली तरी कंपनीची यंत्रणा स्वतःहून जाहिराती कोणाला दाखवते, यातही सुधारणा करण्याचे फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीने मान्य केले. काही व्यावसायिकांना हे नियम जाचक वाटतात. मला ते आवश्यक वाटतात. घर नाकारणे समोरासमोर घडले तर निदान माणसाला कळते तरी. जाहिरातच दिसली नाही तर आपल्याला काय नाकारले गेले हे त्याला कधीच कळत नाही. नियम असो वा नसो, आपल्या जाहिरातीतून आपण कोणाला वगळतो आहोत हे प्रत्येक एजंटाने स्वतःला विचारले पाहिजे.

लिंक्डइनबद्दल थोडक्यात : कार्यालयांच्या जागा देणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, राहत्या घरांसाठी आम्हाला झाला नाही.

या सेवेतली सर्वांत गंभीर उणीव सुरक्षेची आहे. आमच्या एका भाड्याच्या घराची छायाचित्रे उचलून कोणीतरी तेच घर दुसऱ्या नावाने, बऱ्याच कमी भाड्यात दाखवले आणि एका कुटुंबाकडून आगाऊ रक्कम घेतली. ते कुटुंब सामानासह त्या घराच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा आम्हाला हा प्रकार समजला. ज्या माध्यमावर ती खोटी जाहिरात होती त्याच्याकडे आम्ही वारंवार तक्रार केली, पण प्रत्येक वेळी ठरावीक साच्यातले उत्तर आले आणि जाहिरात उतरायला अनेक दिवस गेले. त्या आईचा रडवेला चेहरा मी विसरू शकत नाही. तेव्हापासून प्रत्येक छायाचित्रावर मधोमध आमचे नाव असते, भाड्याच्या घराच्या बाहेरील खुणा आम्ही दाखवत नाही, आणि घर पाहण्यापूर्वी कोणालाही पैसे देऊ नका हे वाक्य प्रत्येक मजकुरात ठळकपणे लिहितो.

खर्चाचा विचार केला तर पैशांपेक्षा वेळच जास्त जातो. आमच्याकडे एक व्यक्ती रोज साधारण दोन तास या कामाला देते, आणि तिने घरे स्वतः पाहिलेली असतात. बाहेरच्या संस्थेकडून लिहून घेतलेला मजकूर वाचणाऱ्याला लगेच परका वाटतो. सहा महिन्यांत निकाल हवा असणाऱ्याने ही सेवा घेऊ नये. आम्हाला तिचा खरा परतावा तिसऱ्या वर्षापासून दिसू लागला, आणि तो मुख्यतः जुन्या गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या नव्या गिऱ्हाइकांच्या रूपाने आला.

आमची सर्वांत जास्त पाहिली गेलेली चित्रफीत एका जुन्या, मोठ्या खिडक्यांच्या घराची होती. घर विकले गेले, नवे कुटुंब राहायला आले, आणि काही महिन्यांनी त्या घरातल्या बाईंचा फोन आला : आता ती आमची झोपायची खोली आहे, अनोळखी लोकांनी ती पाहत राहावी असे वाटत नाही. मागणी रास्त होती. आम्ही ती फीत त्याच दिवशी काढून टाकली आणि त्याबरोबर आमच्या वाहिनीवरचे निम्म्याहून अधिक प्रेक्षकही गेले. आता ताब्याच्या दिवशी किल्ल्या हाती देतानाच आम्ही त्या घराची सारी छायाचित्रे आणि फिती सगळ्या माध्यमांवरून उतरवतो आणि तसे नव्या मालकांना लेखी कळवतो. त्या बाईंच्या धाकट्या बहिणीचे घर गेल्या वर्षी आम्हीच शोधून दिले.