लेहचा अख्खा हिवाळा मॉडिफाय पिकअपमध्ये: डिझेल थिजू नये म्हणून लावलेल्यातलं काय कामाला आलं

कामासाठी मार्चपर्यंत लेहलाच मुक्काम होता. गाडी पुण्याची, मागे झोपायची केबिन, बॉडीखाली एक्स्ट्रा टाकी आणि केबिनसाठी डिझेलवर चालणारा छोटा हीटर. निघायच्या आधीच फिल्टरला १२ व्होल्टचा हीटर पट्टा लावला, पाइपांना फोम गुंडाळला आणि अँटी-जेलच्या, म्हणजे थिजू नये म्हणून डिझेलमध्ये टाकायच्या औषधाच्या, बाटल्या घेतल्या.

पण खरा फरक पडतो तो टाकीत कुठलं डिझेल आहे याने, बाकी सगळं नंतर. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत खोबरेल तेलासारखं थिजायला लागतं, आधी डिझेल गढूळ दिसतं, मग त्याचे कण फिल्टरवर बसतात आणि गाडी छान स्टार्ट होऊन थोड्या वेळात मान टाकते, टाकीत डिझेल हलत असलं तरी. आपल्याकडच्या मानकात हिवाळ्याच्या डिझेलला अट काय, तर ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे. लेहला जानेवारीत रात्री उणे १५ काही विशेष नाही! इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी पानिपत रिफायनरीतून विंटर डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं, त्यामुळे लेहच्या वाटेवर मनालीला नाहीतर तांदीला भरलेलं जे काही असेल ते थंडी वाढायच्या आत जाळून टाका आणि मग हेच भरा.

मॉडिफाय गाडीची गोम एक्स्ट्रा टाकीत आहे. इंजिनाकडून कोमट होऊन परत येणारं डिझेल मेन टाकीत पडतं, एक्स्ट्रा टाकी बाहेरच्या हवेइतकीच गार, आणि मनालीकडचं उरलंसुरलं साधं डिझेल नेमकं तिथेच साठून राहतं. बसवणाऱ्याने केबिन हीटरची बारीक नळी याच टाकीतून काढलेली, त्यामुळे नुब्राला मध्यरात्री हीटर बंद, टॉर्च मारून बघतो तर नळीत पांढरट गाळ, आणि सकाळी इंजिन मात्र बिनतक्रार चालू. आता नळी मेन टाकीवर घेतलीये, तेव्हापासून त्रास नाही.

हीटर पट्टा आवडला, पण १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर खातो आणि थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते, म्हणून टायमर हवाच. शिवाय तो फक्त फिल्टर गरम करतो, मागचा पाइप जाम असेल तर शोभेचा. फोमचा उपयोग चालत्या गाडीला, वारा अडतो. रात्रभर उभ्या गाडीत ऊबच नसते तर तो धरणार काय. अँटी-जेल डिझेल पातळ असतानाच टाकायचं, थिजल्यावर ओतून ते काही विरघळत नाही. आणि फिल्टरखालचं पाणी काढत जा, ते शून्यालाच गोठतं आणि लोक शिव्या डिझेलला घालतात.

जुने ट्रकवाले रॉकेल मिसळा म्हणतात, टाकीखाली शेगडीपण पेटवतात. जुन्या इंजिनांना रॉकेल खपून जायचं, हल्लीच्या कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनांच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेलने तो झिजतो आणि बिल बघून घाम फुटतो. शेगडीचं तर नावच नको, वर मी झोपलेलो असतो.