दम्याचे उपचार बदलले त्याला आठ महिने झाले : वापरानंतरचा अनुभव

अकरा वर्षांपूर्वी दम्याचे निदान झाले तेव्हापासून सालब्युटामॉलचा पंप कायम माझ्याजवळ असे, आणि तो ओढल्यावर पाचेक मिनिटांत छाती मोकळी होत असल्यामुळे आपला दमा आटोक्यात आहे, अशीच माझी समजूत होती. पुढे 200 मात्रांचा डबा दीड महिन्यात संपू लागला आणि रात्री खोकल्याने दोन-तीनदा जाग येऊ लागली, तेव्हा मी फुप्फुसविकारतज्ज्ञांकडे गेले.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून होणाऱ्या फुप्फुसांच्या चाचणीत, औषधानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 390 मिलिलिटरने, म्हणजे 18 टक्क्यांनी वाढली. ही वाढ 12 टक्के आणि 200 मिलिलिटरपेक्षा अधिक असेल तर ती दम्याच्या बाजूने जाते. सालब्युटामॉल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते, परंतु आतल्या अस्तराची सूज तशीच राहते, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावले. वर्षाला असे तीन किंवा अधिक डबे लागत असतील तर तीव्र झटक्याचा धोका वाढतो. मला आठ लागत होते. केवळ अशा तात्पुरत्या आराम देणाऱ्या औषधावर प्रौढांचा दमा सांभाळू नये, असे ‘जीना’ या दम्यावरील जागतिक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे 2019 पासून सांगतात, हे मला इतक्या उशिरा कळले याचे मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आणि श्वासनलिका मोकळ्या करणारे फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित इनहेलर सुरू झाला. सकाळी एक मात्रा, रात्री एक, आणि धाप लागल्यास त्याचीच आणखी एक. फॉर्मोटेरॉलचा परिणाम काही मिनिटांत सुरू होत असल्यामुळे हे शक्य होते, आणि आरामासाठी घेतलेल्या प्रत्येक मात्रेबरोबर सूज कमी करणारे स्टेरॉइडही आत जाते. दिवसाची कमाल मर्यादा डॉक्टरांनी लिहून दिली होती.

पहिल्या महिन्यात फारसा फरक पडला नाही. मात्रा दुप्पट करावी लागेल, या तयारीने मी गेले होते. डॉक्टरांनी मात्र “आधी इनहेलर घेऊन दाखवा” असे सांगितले. अकरा वर्षांत हे मला कोणीही विचारले नव्हते. मी कळ दाबताच जोरात श्वास ओढत होते आणि लगेच सोडत होते, त्यामुळे बरेचसे औषध घशातच बसत होते. फवाऱ्याचा इनहेलर असेल तर आधी श्वास पूर्ण सोडून, नंतर चार-पाच सेकंद सावकाश आत घ्यावा आणि दहा सेकंद रोखावा. पावडरच्या इनहेलरमध्ये मात्र श्वास जोरानेच ओढावा लागतो, कारण त्या ओढीनेच पावडर सुटते. मला स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, दिला गेला. औषध आणि मात्रा तीच राहिली, तरी पुढच्या तीन आठवड्यांत रात्रीचा खोकला जवळजवळ थांबला.

याच काळात पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकलेल्या हवेचा वेग मोजणाऱ्या छोट्या साधनावर, रोज सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहू लागले. 300 च्या आसपास असलेला आकडा 410 पर्यंत गेला. त्याच्या 80 टक्क्यांखाली, म्हणजे साधारण 330 च्या खाली, काय वाढवायचे आणि निम्म्याखाली गेल्यास किंवा बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल तर तत्काळ रुग्णालयात जायचे, हे कागदावर लिहून घेतले आहे. वहीतून आणखी एक गोष्ट उघड झाली : नाक चोंदलेल्या दिवशी सकाळचा आकडा हमखास घसरे. ऍलर्जीच्या सर्दीसाठी नाकाचा स्टेरॉइड फवारा सुरू झाल्यावर ती घसरण थांबली. माँटेलुकास्ट या दमा व ऍलर्जीवरच्या गोळीचाही विचार झाला होता, पण त्याच्या मानसिक दुष्परिणामांविषयी अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये ठळक इशारा दिलेला आहे आणि मला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, म्हणून आम्ही दोघांनी विचार करून ते टाळले.

त्रासही झाला. सुरुवातीला हात थरथरत, आवाज बसे. इनहेलरनंतर चूळ भरून पाणी थुंकण्याचा आळस केल्यामुळे एकदा तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आले. ते औषधाने गेले, आणि त्यानंतर चूळ एकदाही चुकलेली नाही.

सलग तीन महिने प्रकृती स्थिर राहिल्यावर रोजच्या दोन मात्रांची एक करून पाहिली. दोन आठवड्यांत सकाळचा आकडा 340 वर आला, त्यामुळे पुन्हा दोनवर गेलो. माझ्या मते हा प्रयोग फसला असे म्हणता येणार नाही, कारण माझ्या फुप्फुसांना सध्या किती औषध लागते, हे त्यातूनच समजले. दम्याच्या नियंत्रणाच्या प्रश्नावलीत 25 पैकी 13 गुण होते, ते आता 22 आहेत. आरामासाठीची जादा मात्रा पंधरवड्यातून एखाद्या वेळी लागते. मात्रा कमी करण्याचा प्रयत्न पुन्हा करायचा, मात्र माझ्या सर्दीच्या दिवसांत नाही, असे डॉक्टरांशी ठरले आहे.