वेलभाज्यांसाठी मांडव की उभी जाळी? खानदेशातील परसबागेपुरता विचार

परसात गिलके, दोडके, कारले किंवा दुधी लावायचा बेत ठरला की आधाराचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. वेल जमिनीवर सोडणे डांगरासारख्या पिकाला चालते. बाकीच्यांची फळे पावसाळ्यात ओल्या मातीला टेकून कुजतात आणि दोडके, दुधी वाकडे वाढतात. म्हणून खरी निवड उरते ती आडवा मांडव आणि उभी जाळी यांच्यात.

जागेचा हिशेब जाळीच्या बाजूने आहे. कुंपणालगत दोन फूट रुंदीची पट्टी तिला पुरते, तर मांडवाला अंगणाचा एक मोठा तुकडाच द्यावा लागतो. मात्र खानदेशात उन्हाचा हिशेबही मांडलाच पाहिजे. हा प्रदेश साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि अशा वेळी उभ्या जाळीची सावली तिच्या पायाशीच पडते. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर गेलेला असताना वेलाच्या मुळाशी, शिवाय माणसांना आणि गुरांना सावली देतो तो मांडवच. त्यासाठी बी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत टोकलेले हवे, म्हणजे उन्हाच्या तडाख्याआधी वेल मांडवभर पसरतो.

वाऱ्याच्या बाबतीतही जाळी उणी पडते. रावेर-यावलमधील केळीच्या बागा आडव्या करणारी मे-जूनमधील वादळे पानांनी भरलेल्या जाळीला शिडासारखी ढकलतात. त्यातच आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते, त्यामुळे नुसते ठोकलेले खांब सैल होऊन कलतात. खांब मांडवाचे असोत वा जाळीचे, ते दोन फूट खोल गाडून भोवती मुरूम धुमसावा, आणि जाळीच्या टोकांच्या खांबांना ताण द्यावेत. जाळी दक्षिणोत्तर धरली तर दोन्ही बाजूंना ऊन मिळते, पण पश्चिमेचा वारा तिच्या अंगावरच येतो. उघड्या माळावरचे घर असेल तर थोडे ऊन गमावून ती पूर्व-पश्चिम धरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

असे असूनही दोडके, कारले, काकडी आणि चवळीसाठी मी जाळीच सुचवेन. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, आणि मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा कोवळा दोडका आधीपासून दिसतो. मधमाश्या कमी असतील तेथे नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे पराग हलक्या हाताने मादी फुलाला लावले की फळ धरते. जाळीवर हे काम डोळ्यांसमोर होते. मांडवावर फुले पानांच्या वर उमलतात आणि शिडीवाचून हात पोहोचत नाही. फळमाशीने डंख मारलेले कारलेही जाळीवर लवकर नजरेस येते व वेळीच तोडून नष्ट करता येते.

दुधी आणि गिलके यांचा पसारा मोठा, म्हणून त्यांना मांडवच द्यावा. फळ खाली मोकळे लोंबत असल्याने सरळ वाढते, आणि सहा फूट उंची ठेवली तर खालून सहज वावरता येते. वेल मांडवाला पोहोचेपर्यंत बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, खुडत राहाव्यात.

साहित्यात उघड्या लोखंडी तारेपेक्षा काथ्याची दोरी बरी, कारण तापलेल्या तारेला टेकलेला कोवळा शेंडा होरपळू शकतो. सुतळी एका पावसाळ्यात कुजते. नायलॉनची जाळी अधिक टिकते, पण वाळलेले वेल तिच्यातून सोडवणे किचकट असते. हलक्या वेलांना तुरकाठ्या पुरतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, मात्र वापरू नये: तिच्यावर राहिलेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते आणि शेजारच्या कपाशीला पुढच्या हंगामात उपद्रव होतो.