लढाऊ विमानांच्या मॉडेलवरील खुणा मास्कने रंगवणे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांची १/४८ प्रमाणातील मॉडेल्स करताना राष्ट्रचिन्हे आणि स्क्वाड्रनची अक्षरे यांसाठी डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) वापरावेत की ती मास्क (रंग नको तो भाग झाकणारे चिकट साचे) लावून रंगवावीत, हा प्रश्न या छंदात मुरलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. गेले काही महिने मी या प्रमाणातील मोठ्या खुणांसाठी डिकल पूर्णपणे बाजूला ठेवले असून आयते कापून मिळणारे मास्क आणि एअरब्रश (रंग फवारणारे छोटे उपकरण) यांवरच काम चालवले आहे. रंगवलेल्या खुणेला डिकलसारखी पारदर्शक पापुद्र्याची कड नसते, हा फायदा सर्वांनाच ठाऊक आहे. मला मात्र मास्कचा मोठा उपयोग वेगळाच वाटतो. युद्धकाळात या खुणा वारंवार बदलल्या आणि बहुतेक वेळा जुन्या खुणेवरच नवी रंगवली गेली. तो क्रम मॉडेलवर तसाच्या तसा उतरवायचा असेल, तर मास्कला पर्याय नाही.

अमेरिकन चिन्हाचेच उदाहरण घ्या. मे १९४२ पर्यंत निळ्या तबकडीतील पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी लाल गोल असे. जपानी विमानांवरील लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढून टाकण्यात आला. जून १९४३ मध्ये तबकडीच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आणि संपूर्ण चिन्हाभोवती लाल किनार आली, आणि काही महिन्यांतच ती किनार निळी करण्याचा आदेश निघाला. त्यामुळे १९४३ च्या अखेरीस उडणाऱ्या जुन्या विमानावर उन्हाने विटलेली निळी तबकडी, तिच्याभोवती ताज्या गडद निळ्याची किनार आणि ताऱ्यापेक्षा उजळ पांढरे पट्टे एकत्र दिसू शकत. डिकलवर हे सारे एकाच निळ्यात आणि एकाच पांढऱ्यात छापलेले असते. मी तबकडीच्या निळ्यात किंचित करडा मिसळला, तारा जरा मळकट पांढऱ्याने रंगवला आणि ते पुरते वाळल्यावर पट्टे शुद्ध पांढऱ्याने व किनार न मिसळलेल्या गडद निळ्याने फवारली. मॉडेल डोळ्यांजवळ नेले की दोन निळ्यांमधील सीमारेषा जेमतेम जाणवते, आणि ती तेवढीच जाणवायला हवी.

ब्रिटिश राउंडेलमध्ये, म्हणजे वर्तुळाकार राष्ट्रचिन्हात, अचूकतेची कसोटी अधिक कडक आहे. १९४० पासून स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या बाजूवर दिसणारे ए१ प्रकारचे राउंडेल ३५ इंच व्यासाचे असे आणि त्यातील पिवळे, निळे व पांढरे अशी तिन्ही कडी प्रत्येकी पाच इंच रुंद असत. १९४२ च्या मध्यास आलेल्या सी१ प्रकारात एकूण व्यास ३६ इंच झाला, पण पांढरे आणि पिवळे कडे केवळ दोन-दोन इंचांचे उरले, कारण दुरून उठून दिसणारे हे रंग कमी करायचे होते. १/४८ प्रमाणात पाच इंच म्हणजे सुमारे २.६ मिलिमीटर आणि दोन इंच म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. एक मिलिमीटरचे पांढरे कडे सर्व बाजूंनी समान उतरवणे हीच मास्कची खरी परीक्षा आहे. एकेक कडे काढून रंगवायचे आणि पुन्हा जागेवर चिकटवायचे, असा क्रम अनेक संचांसोबतच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. माझ्या अनुभवात कडे परत लावताना केसभर फट राहते आणि तिथे नको तो रंग उमटतो. त्याऐवजी संपूर्ण वर्तुळ आधी पांढरे फवारावे, पांढऱ्या कड्याची जागा झाकावी आणि मग बाकीचे रंग चढवावेत. लाल आणि पिवळ्यालाही खाली पांढऱ्याचा आधार मिळतो. एरवी गडद हिरव्यावर हे दोन्ही रंग मंद पडतात.

मास्क विनाइलचे मिळतात, तसे जपानी पद्धतीच्या पातळ कागदाचेही मिळतात. विनाइलची कड धारदार असते आणि आरपार दिसत असल्यामुळे पॅनेलच्या रेषांशी जुळवून ते लावणे सोपे जाते, परंतु शेपटीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या धडाच्या वळणावर ते ताठ राहते आणि अर्ध्या तासात कड उचलू लागते. कागदी मास्क वळणावर नीट बसतो. काही महिने ठेवलेल्या कागदी मास्कचा गोंदही मला चांगल्या स्थितीत आढळला. मास्क कोणताही असो, कड टूथपिकने दाबून आधी खालच्याच रंगाचा किंवा क्लिअर वार्निशचा हलका फवारा मारावा, म्हणजे रंग झिरपायची वाट तिथेच बुजते. खुणेचा रंग कमी दाबाने, जवळजवळ कोरडा, अनेक पातळ थरांत द्यावा. मास्क काढताना तो पृष्ठभागाला लगटून मागे दुमडत ओढावा. वर ओढला तर रंगाची कड फाटते.

आता या खरेदीतील उणीव. मी घेतलेल्या एका संचातील मापे व्हर्निअर कॅलिपरने तपासली, तेव्हा उभ्या शेपटीवरील पट्ट्यांचा मास्क १९४२ नंतरच्या मापाचा निघाला, जरी वेष्टनावर १९४० चे विमान होते. १९४० च्या मध्यानंतरची ही खूण २४ इंच रुंद व २७ इंच उंच असून तिचे तिन्ही पट्टे आठ-आठ इंचांचे होते, तर नंतरच्या चौरस खुणेत मधला पांढरा पट्टा दोनच इंचांचा राहिला. ज्याला कालखंड ठाऊक नाही, त्याच्या मॉडेलवर हा घोटाळा कायमचा बसेल. मास्क कितीही नेटका कापलेला असला तरी तारीख आपल्यालाच निश्चित करावी लागते. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर ९ ऑगस्ट १९४१ रोजी फ्रान्सवर पाडले गेले आणि हिरवा-करडा नवा छद्मरंग त्याच महिन्याच्या मध्यास लागू झाला. म्हणून त्यांचे डी-बी अक्षरांचे स्पिटफायर जुन्या हिरव्या-तपकिरीतच हवे. इतका बारीक विचार मला जाचक वाटत नाही. विशिष्ट माणसाचे विमान म्हणून मॉडेल मांडायचे, तर ते त्याने उडवले त्या दिवसांचे असले पाहिजे.

छायाचित्रांवरून ताडून पाहताना एक पथ्य पाळावे लागते. त्या काळी बऱ्याच ठिकाणी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरली जाई. तिला लाल प्रकाश दिसत नाही, त्यामुळे लाल जवळजवळ काळा उमटतो, पिवळा गडद होतो आणि निळा फिकट पडतो. अशा चित्रात राउंडेलचे पिवळे कडे आहे की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवणे धोक्याचे असते. त्याच विमानाचा दुसऱ्या फिल्मवरील फोटो मिळेपर्यंत मी थांबणे पसंत करतो.

आग्नेय आशियातील आघाडीवरील खुणांसाठी मास्क विशेष उपयोगी पडले. तिथेही जपानी चिन्हाशी गल्लत टाळण्यासाठी राउंडेलमधून लाल रंग वगळला गेला आणि गडद व फिकट अशा दोन निळ्यांचे छोटे राउंडेल रूढ झाले. ब्रह्मदेशच्या मोहिमेत भारतीय हवाई दलाच्या हरिकेन विमानांवरही तेच होते. छापील डिकलमधील फिकट निळा मला नेहमी फार आकाशी वाटत आला आहे. मास्कमुळे पांढऱ्यात गडद निळा थोडा-थोडा मिसळत हवी ती छटा साधता येते, आणि दोन्ही निळे एकाच कुळातले दिसतात.

जून १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीसाठी दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर रंगवलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसाठी मात्र मास्क शिफारस करण्याजोगे नाहीत. एका इंजिनाच्या विमानावर हा पट्टा १८ इंच, म्हणजे १/४८ मध्ये साडेनऊ मिलिमीटर रुंद येतो आणि त्यासाठी साधी टेप पुरते. गुप्ततेसाठी आदेश अगदी शेवटच्या क्षणी दिल्यामुळे अनेक तळांवर हे पट्टे घाईघाईने हाताने रंगवले गेले आणि त्यांच्या कडा वेड्यावाकड्या राहिल्या. ज्या विमानाच्या फोटोत तसे दिसते, तिथे मी पेन्सिलची पुसट रेघ आखून बारीक ब्रशने पट्टे भरतो.

बारीक सूचना, अनुक्रमांक आणि स्क्वाड्रनची रंगीत बोधचिन्हे यांसाठी डिकलच ठेवावेत. चकचकीत वार्निशवर, सेटिंग द्रावण (डिकल पृष्ठभागाला घट्ट बसवणारे) वापरून लावले तर त्यांखाली हवा अडकून येणारी चंदेरी झाक टळते. ज्यांच्याकडे एअरब्रश नाही, त्यांनी मास्कवर पैसे घालू नयेत, कारण ब्रशच्या जाड रंगाने कडेला उंचवटा राहतो. १/७२ साठी एवढे पाहा की सी१ राउंडेलचे पांढरे कडे तिथे ०.७ मिलिमीटर भरते आणि तो मास्क चिमट्याने उचलतानाच वाकतो. त्या प्रमाणात मी राउंडेल डिकलचे आणि अक्षरे मास्कची अशी विभागणी ठेवली आहे.