फोंड्यातील ड्रायव्हिंग स्कूल : शिकवणी उत्तम, तास मात्र मोजून घ्यावेत

मे महिन्यात मुलीला १८ वर्षे पूर्ण झाली आणि शिकाऊ परवाना हाती येताच आम्ही तिला गोव्यातील फोंडा शहरातील एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातले. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरताच असतो, तरीही उच्च माध्यमिकची मुले त्याहून मोठ्या स्कूटर सर्रास चालवतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने त्या कायद्याखालील गुन्हा केल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही थांबलो, याचे समाधान आहे.

शिकवणाऱ्या सरांचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. फर्मागुडीच्या चढावर गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, ते तिला क्लच हळूहळू सोडायला लावत. "आवाज जड झालो, बॉनेट मातशें वयर आयलें, मागीर हँडब्रेक सोड गो बाय," असे ते कोकणीत शांतपणे सांगत, म्हणजे आवाज जड होऊन बॉनेट जरा वर आले की मग हँडब्रेक सोडायचा; त्यांचा पाय मात्र सतत आपल्या बाजूच्या ब्रेकवर असे. चौथ्या दिवशी गाडी तसूभरही मागे न सरकता चढली.

तक्रार आहे ती वेळेची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास आवश्यक आहेत. रोज अर्धा तास ठरला होता, पण एकाच गाडीत दोन विद्यार्थिनी घेतल्याने माझ्या मुलीच्या वाट्याला जेमतेम २० मिनिटे येत. मी रोजची मिनिटे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत होतो. २१ दिवसांची बेरीज ७ तास भरली. वाहतूक चिन्हे आणि नियमांचा वर्ग तर झालाच नाही, नुसती पुस्तिका हातात दिली गेली. पूर्ण शुल्क घेणाऱ्या संस्थेने असे करणे मला अजिबात पटलेले नाही.

कॅलेंडर समोर ठेवल्यावर स्कूल चालवणाऱ्यांनी वाद न घालता आणखी ६ दिवस, रोज पूर्ण अर्धा तास, वेगळे पैसे न घेता दिले. त्यातल्या एका संध्याकाळी म्हार्दोळच्या रस्त्यावर मुसळधार पाऊस लागला, काच आतून धुरकटली, आणि सरांनी गाडी कडेला घ्यायला लावून वायपर, दिवे व काचेवरची वाफ घालवणारा पंखा यांचा वापर तिच्याकडून तीनदा करून घेतला. गोव्यात शिकणाऱ्याला हा धडा पहिल्या आठवड्यातच मिळायला हवा.